भाषणामागील श्रम



सार्वजनिक भाषण म्हटले की व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, भारदस्त आवाज आणि टाळ्यांचा कडकडाट हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वक्तृत्व ही निसर्गाची देणगी आहे. ज्याला ती लाभली त्याने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असा समजही सर्वत्र रूढ आहे. या समजाने दुहेरी नुकसान होते. ज्यांना बोलणे सहज साधते ते तयारीवाचून उभे राहतात आणि सभेचा वेळ दवडतात. उलट, ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही असते ते संकोचाने मागच्या रांगेत बसून राहतात. वास्तविक पाहता भाषणाचे यशापयश बव्हंशी सभेपूर्वीच ठरलेले असते. वक्त्याने सभेआधी किती श्रम घेतले, यावर ते अवलंबून असते.

शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांच्या दृष्टीने हा विषय हौसेचा नाही, कर्तव्याचा आहे. पिकावरील रोग, बालकांचे लसीकरण, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरकुलाची यादी, पाणीपट्टीची आकारणी असे अनेक विषय त्यांना लोकांपुढे मांडावे लागतात. अर्जाची मुदत श्रोत्याला नीट कळली नाही, तर त्याच्या हातून हक्काचा लाभ निसटतो. करमणुकीचे भाषण फसले तर वक्त्याची फजिती होते. माहितीचे भाषण फसले तर त्याची किंमत श्रोत्याला मोजावी लागते. हा फरक ध्यानी घेतला म्हणजे पूर्वतयारीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

कलकत्त्याच्या सभागृहातील एक भाषण

पूर्वतयारीने भाषणाला किती बळ येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर चर्चा सुरू होती. लॉर्ड कर्झन हे त्या वेळी व्हाइसरॉय होते. सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची विक्रमी शिल्लक दाखविण्यात आली होती आणि तीबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन होत होते. अशा वेळी पुण्याचे पस्तीस वर्षांचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणासाठी उभे राहिले.

त्या सभागृहात गोखल्यांच्या हाती सत्ता नव्हती. १८९२ च्या कायद्याप्रमाणे सभासदांना अर्थसंकल्पावर चर्चा करता येत असे. परंतु त्यावर मत देण्याचा अधिकार नव्हता. बहुमतही सरकारी सभासदांचेच होते. गोखल्यांजवळ साधन होते ते केवळ शब्दांचे.

त्यांनी प्रास्ताविकात वेळ घालविला नाही. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सहभागी होता येत नाही, अशा आशयाच्या वाक्याने त्यांनी आरंभ केला आणि पुढील सारे भाषण त्या एका विधानाच्या सिद्धतेसाठी वेचले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ देशाने नुकतेच सोसले होते. प्रजा हलाखीत असताना तिजोरी भरलेली दिसते, तर ही शिल्लक सुबत्तेची खूण कशी मानावी, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी हिशेबाने दिले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत चुकती करावी लागे. १८९४-९५ च्या सुमारास एका रुपयाला जेमतेम तेरा पेन्स मिळत. त्या काळी पौंडाचे २४० पेन्स होत असल्यामुळे एक पौंड फेडण्यास सुमारे साडेअठरा रुपये लागत. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले. पुढे रुपयाचा भाव सोळा पेन्सवर स्थिरावला आणि तोच पौंड पंधरा रुपयांत फिटू लागला. तूट सरली, पण वाढविलेले कर तसेच राहिले. तिजोरीतील शिल्लक जमली ती या मार्गाने. ज्या अडचणीपायी कर वाढविले ती अडचण दूर झाल्यावर करही उतरले पाहिजेत, ही गोखल्यांची मागणी होती. मिठावरील कर १८८८ पासून दर मणास अडीच रुपये होता आणि त्याचा भार गरिबातल्या गरिबावर पडत होता. तो कमी करावा, असा आग्रह त्यांनी धरला.

पुढील वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये तो दीड रुपया झाला आणि १९०७ मध्ये एक रुपया. हे सर्व एका भाषणाने घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. गोखल्यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला होता आणि इतरही अनेकांनी त्यासाठी आवाज उठविला होता. परंतु मताचा अधिकार नसलेल्या एका शिक्षकाचे म्हणणे राज्यकर्त्यांना गंभीरपणे ऐकावे लागले, हे निर्विवाद आहे. त्याचे मुख्य कारण असे की त्यांचे आकडे सरकारच्याच कागदपत्रांतील होते. ते नाकारण्याची सोय कोणालाही नव्हती.

या आकड्यांमागे एकट्या गोखल्यांचेच श्रम नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची शिस्त अंगी बाणविली होती. सरकारी शाळेत मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी हे अर्थशास्त्रातील आकडेवारीचे जाणकार होते. त्यांचे मार्गदर्शनही गोखल्यांना लाभले. तयारीसाठी जाणकाराकडे जाण्यात वक्त्याला कमीपणा नाही, एवढा बोध यातून सहज घेता येईल.

पाच वर्षांपूर्वीचा अनुभव

या काटेकोरपणाला एका कटू अनुभवाची पार्श्वभूमी होती. १८९७ मध्ये गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती आणि घरांच्या झडतीसाठी गोऱ्या सैनिकांचा उपयोग करण्यात येत असल्यामुळे शहरात तीव्र संताप होता. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप गोखल्यांनी इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतल्यावर त्यांनी कसून प्रयत्न केला. परंतु पुढे येऊन साक्ष देण्यास कोणी तयार होईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे उघड करणेही त्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांची कठोर टीकाही सोसली.

झडतीच्या वेळी लोकांना झालेला जाच खोटा नव्हता. तथापि, जे विधान सिद्ध करता आले नाही त्यामुळे खऱ्या तक्रारीचेही बळ घटले. सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग स्मरणात ठेवावा असा आहे. भाषणातील एक चुकीचा आकडा, एक ऐकीव गोष्ट किंवा एक अवास्तव आश्वासन उरलेल्या साऱ्या खऱ्या मजकुरावर पाणी फिरविते. म्हणून भाषणाच्या टिपणातील प्रत्येक विधानासमोर वक्त्याने स्वतःला विचारावे : हे कोठून मिळाले? कोणी पुरावा मागितला तर कोणता कागद दाखविता येईल? ज्याचे उत्तर मिळत नाही ते विधान वगळावे.

तयारीचा क्रम

गोखल्यांपुढे होते ते कायदेमंडळ. आजच्या कार्यकर्त्यापुढे असते ती ग्रामसभा. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान प्राप्त झाले. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे. अशा सभांतून गावाच्या विकासाचे निर्णय व्हावयाचे असतील तर तेथे मांडला जाणारा विषय स्पष्टच असला पाहिजे. त्यासाठी तयारीचा पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम हेतू निश्चित करावा. सभा संपल्यावर श्रोत्याने काय जाणावे, काय ठरवावे किंवा काय करावे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘पाणीपुरवठ्याविषयी माहिती देणे’ हा हेतू झाला नाही. ‘पाणीपट्टी का वाढवावी लागत आहे हे पटवून देऊन ग्रामसभेची संमती घेणे’ हा हेतू झाला. हे वाक्य जमत नसेल तर विषय अद्याप वक्त्यालाच उमगलेला नाही, असे समजावे.

दुसरी पायरी श्रोत्यांची ओळख. सभेला कोण येणार, त्यांना या विषयाची कितपत माहिती आहे, त्यांच्या मनात कोणती शंका किंवा कोणता जुना राग आहे, याची चौकशी आधी करावी. पाणीपट्टीचा विषय निघताच, वरच्या आळीला दिवसाआड पाणी येते आणि खालच्या आळीला रोज येते, ही तक्रार उपस्थित होणार हे ठाऊक असेल तर तिचे उत्तर भाषणातच देता येते. तक्रारीची दखल न घेता पुढे गेलेल्या वक्त्याचे बोलणे त्या आळीतील श्रोत्यांच्या कानापर्यंत पोहोचते, मनापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी पायरी मुद्द्यांची निवड. विषयासंबंधी जे जे माहीत आहे ते सर्व सांगण्याचा मोह टाळावा. शासन निर्णयातील वीस कलमे वाचून दाखविली म्हणजे काम झाले असे नव्हे. त्यांतील ज्या तीन गोष्टींवर श्रोत्याचे काम अडते त्या निवडाव्यात आणि बाकीच्यांसाठी सूचनाफलक किंवा पत्रक वापरावे. मुद्दे ओळीने येतील आणि एकातून दुसरा निघेल अशी त्यांची मांडणी असावी. आधी अडचण, मग तिचे कारण, नंतर उपाय आणि शेवटी श्रोत्याने करावयाची कृती, ही मांडणी सर्वसामान्य सभेला मानवते.

चौथी पायरी टिपणाची. संपूर्ण भाषण लिहून काढल्याने विचार स्पष्ट होतात. परंतु सभेत ते वाचून दाखवू नये. वाचताना दृष्टी कागदावर खिळते आणि श्रोत्यांशी असलेला धागा तुटतो. लिहिलेल्या भाषणावरून एका लहान कागदावर मुद्दे, आकडे व तारखा ठळक अक्षरांत उतरवून घ्याव्यात. आरंभीचे आणि अखेरचे वाक्य मात्र तोंडपाठ असावे. कारण वक्ता गोंधळतो तो मुख्यतः या दोनच ठिकाणी.

पाचवी पायरी सरावाची. भाषण मनातल्या मनात म्हणणे हा सराव नव्हे. ते मोठ्याने म्हणावे आणि घड्याळ लावून म्हणावे. कागदावर सुबक दिसणारे एखादे लांबलचक वाक्य उच्चारताना दम लागतो, असे तेव्हाच ध्यानात येते. घरातील एखाद्या व्यक्तीला ऐकवून तिला काय समजले ते विचारावे. जे तिला समजले नाही ते सभेलाही समजणार नाही.

आकड्यांचा अर्थ

आकडे हे माहितीच्या भाषणाचे बळ आहे आणि त्याचा धोकाही तोच आहे. लागोपाठ दहा आकडे ऐकल्यावर श्रोत्याच्या ध्यानात एकही उरत नाही. यासाठी मोजकेच आकडे निवडावेत आणि ते श्रोत्याच्या नित्याच्या व्यवहारात बसवून दाखवावेत.

समजा, चारशे घरांच्या एका गावात नळयोजनेच्या पंपाचे वीजबिल आणि देखभाल यांवर महिन्याला चोवीस हजार रुपये खर्च होतो. ‘वार्षिक आवर्ती खर्च दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये आहे’ असे सांगितले तर सभा दचकते आणि गप्प बसते. ‘दर घरामागे महिन्याला साठ रुपये, म्हणजे दिवसाला दोन रुपये खर्च येतो, आज वसूल होतात महिन्याला चाळीस, उरलेले वीस कोठून आणावयाचे ते सभेने ठरवावे’ असे सांगितले तर तीच सभा बोलू लागते. आकडा बदललेला नाही. तो केवळ श्रोत्याच्या दारात आणून ठेवला आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविण्यात आले. लिटरचा हिशेब गृहिणीच्या नित्याच्या मापात नसतो. हंडा साधारण तेरा-चौदा लिटरचा धरला तर माणशी चार हंडे, असे म्हटल्याबरोबर आपल्या घरी तेवढे येते की नाही, हे तिला क्षणात सांगता येते. पुढचा प्रश्न मग तीच विचारते आणि सभेचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते.

श्रोत्यांशी संवाद

भाषण हा एकतर्फी प्रवाह नाही, हे महाराष्ट्राला गाडगे महाराजांनी शिकविले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये निधन पावलेल्या या लोकशिक्षकाने कोणत्याही विद्यालयात वक्तृत्वाचे शिक्षण घेतले नव्हते. ज्या गावी कीर्तन असेल त्या गावाचे रस्ते ते दिवसा हाती खराटा घेऊन झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. बोली वऱ्हाडी, उदाहरणे कर्जाची, दारूची, सणासाठी उधळलेल्या पैशाची. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते एका आवाजात उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. निष्कर्ष महाराज सांगत नसत; तो श्रोत्यांच्या तोंडून येई. स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा विसरत नाही.

गाडगे महाराजांची नक्कल कोणी करू नये. ती साधणारही नाही. परंतु दोन गोष्टी सर्वांना घेता येतील. पहिली ही की त्यांचे बोलणे आणि त्यांचे वागणे यांत अंतर नव्हते. स्वच्छतेवर बोलण्यापूर्वी खराटा हाती घेतलेला होता. ज्याच्या स्वतःच्या घराची पाणीपट्टी थकलेली आहे त्याने वसुलीवर कितीही सुंदर भाषण केले तरी ते फुकट जाते. दुसरी गोष्ट भाषेची. कार्यालयीन टिप्पणीत ‘उक्त प्रयोजनार्थ’ आणि ‘अनुज्ञेय’ हे शब्द शोभतात. सभेत ‘या कामासाठी’ आणि ‘मिळू शकते’ असे म्हणावे. सोपी भाषा म्हणजे हलकी भाषा नव्हे. विषय पुरता समजल्याशिवाय तो सोप्या भाषेत सांगताच येत नाही.

व्यासपीठावर

सभेच्या ठिकाणी थोडे आधी पोहोचावे. ध्वनिक्षेपक तपासून घ्यावा; तोंडाशी अगदी लावून बोलल्याने शब्द फुटतात. शेवटच्या रांगेत बसलेल्या व्यक्तीला, विशेषतः मागे बसलेल्या महिलांना, ऐकू येते की नाही, हे विचारून घेण्यात संकोच नसावा. उभे राहताच बोलण्याची घाई न करता सभेकडे एकवार पाहावे. छातीत होणारी धडधड हा दोष नव्हे. ती अनुभवी वक्त्यांनाही चुकत नाही. पहिली दोन-तीन वाक्ये सावकाश म्हटली की ती ओसरते.

मान्यवरांच्या नामावळीत आणि आभारात सभेचा बराच वेळ जातो, ही आपल्या सभांची जुनी खोड आहे. अध्यक्ष व उपस्थित यांचा एका वाक्यात आदराने उल्लेख करून विषयाला हात घालावा. महत्त्वाच्या विधानानंतर क्षणभर थांबावे. ते श्रोत्याच्या मनात उतरण्यास तेवढा अवधी लागतो. तारीख, ठिकाण आणि लागणारे कागद दोनदा सांगावेत. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी थांबलेल्या वक्त्याबद्दल कोणीही कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्नांची वेळ ही भाषणाचा शेवट नसून त्याची कसोटी आहे. प्रश्न पुरता ऐकून घ्यावा. तो पुन्हा एकदा सर्वांना ऐकू जाईल असा उच्चारावा आणि मग उत्तर द्यावे. विचारणारा रागावलेला असेल तर रागाला उत्तर न देता प्रश्नाला उत्तर द्यावे. माहिती नसेल तर ‘याची माहिती आज जवळ नाही, अमुक दिवशी सूचनाफलकावर लावली जाईल’ असे स्पष्ट सांगावे आणि त्या दिवशी ती खरोखरच लावावी. ‘माहीत नाही’ असे म्हटल्याने पत जात नाही. दिलेली तारीख चुकल्याने जाते.

अखेरीस, सभा उठताना श्रोत्याच्या हाती काही ठोस लागले पाहिजे : कोणाकडे जावयाचे, कोणता कागद न्यावयाचा, कोणत्या तारखेपर्यंत. सभेनंतर दोन-चार जणांना सहज विचारून पाहावे की, काय ठरले? त्यांनी वक्त्याच्या आवाजाची स्तुती केली पण तारीख सांगता आली नाही, तर पुढच्या वेळी तयारी वाढवावी. त्यांनी वक्त्याचे नावही न सांगता तारीख आणि कागद बिनचूक सांगितले, तर भाषण यशस्वी झाले, असे निःसंशय मानावे.

गोखल्यांच्या हाती मत नव्हते, तरी अभ्यासाच्या जोरावर त्यांनी मिठाच्या कराचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे मांडला. आजच्या ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार आहे. तो अधिकार डोळसपणे बजावता यावा, यासाठी तिच्यापुढे खरी, मोजकी आणि समजेल अशी माहिती ठेवणे, हे बोलणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे. त्या कामाचा आरंभ सभेच्या दिवशी होत नाही. तो आदल्या आठवड्यात, कागद-पेन्सिल घेऊन बसण्यापासून होतो.